पातळ लॅपटॉपवरची बस

९ जानेवारी

सेकंदाला सात चित्रं! फक्त सात. पडद्याच्या कोपऱ्यात आकडा दिसतो — सात, सहा, मध्येच नऊ, पुन्हा सहा. खेळातली बस स्टँडवरून सुटते, पहिल्या वळणाशी थबकते आणि एकदम वळण संपल्यावरच दिसते. मधलं काहीच नाही. वळलो कधी ते त्या बसलाच ठाऊक.

आत्या स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून ताठ बसली होती.  मग म्हणाली, "ही बस आहे की फोटोंचा अल्बम?"

लॅपटॉपचं बूड इतकं तापलं की हात लावून बघवेना. पंखा किंचाळायला लागला. आणि मग पडदा काळा. संपलं!

तिनं स्टिअरिंगवरून हात काढून मांडीवर ठेवले. "राहू दे," म्हणाली.

"राहू दे" हे ती हल्ली सगळ्यालाच म्हणते. चहाला, फिरायला जायला, केस कापून घ्यायला. पण आजचं ऐकवलं नाही मला.

१० जानेवारी

दिवसभर नीट काम नाही झालं. लिहून काढतो, म्हणजे डोकं जरा शांत होईल.

आत्यानं सव्वीस वर्षं लांब पल्ल्याची बस चालवली. डेपोत ड्रायव्हर म्हणून ती एकटीच बाई. बाकीचे तिला "मेजर" म्हणायचे — पाठीमागे, तोंडावर कुणाची हिंमत नव्हती. आई गेली तेव्हा मी सहा वर्षांचा होतो. बाबांनी मला महिनाभरासाठी म्हणून आत्याकडे सोडलं. तो महिना अजून चालूच आहे. मी आता त्रेचाळीस वर्षांचा आहे.

नोकरी कधीच संपली होती, नोव्हेंबरात तिचं लायसन्सही गेलं. काचबिंदू. डॉक्टर म्हणाले, कडेकडेचं गेलंय, मधलं शाबूत आहे. थेंब नियमानं घातले तर टिकेल, किती दिवस ते सांगता येणार नाही. नळीतून बघितल्यासारखं दिसतं म्हणे तिला. ती माझ्याकडे राहायला आली, एक बॅग आणि ड्रायव्हरच्या सीटवरची ती चपटी उशी घेऊन. तेव्हापासून ती खिडकीजवळच्या खुर्चीत बसते, पण बाहेर बघत नाही. बसल्या बसल्या झोपते. मी तिला दिवसा झोपलेली आयुष्यात कधी पाहिली नव्हती.

मग डिसेंबरात वरच्या मजल्यावरच्या गिटारवाल्याचं पार्सल चुकून आमच्याकडे आलं. ती ते द्यायला वर गेली ती दीड तास परतलीच नाही. मी घाबरून जिना चढलो. बघतो तर गिटारवाला त्याच्या भल्यामोठ्या पडद्यावर बसचा खेळ खेळतोय आणि आत्या त्याच्या पाठीशी उभी राहून ओरडतेय — "अरे, मागचं चाक चढतंय फुटपाथवर! बस आहे ती, सायकल नाही!" तो बिचारा उठला आणि त्यानं तिला खुर्ची दिली.

तिचा चेहरा मी विसरणार नाही. झोपेतून जाग आल्यासारखा.

तो पडदा खिडकीएवढा मोठा, तिला कडा सापडत नव्हत्या, सारखी मान फिरवावी लागत होती. तरी आठवडाभर रोज जायची. आता गिटारवाला गाव बदलतोय. मोठा कॉम्प्युटर तर तो नेणारच. पण खेळ मला घेऊन दिला आणि स्टिअरिंग, पेडल सगळं आत्याला देऊन टाकलं. "काकू, तुम्हीच चालवा. मी एकदाही वेळेवर पोचलो नाही!"

म्हणजे उरला माझा लॅपटॉप. वहीएवढा पातळ. हलका म्हणूनच घेतला होता, छापखान्यात न्यायला-आणायला बरा. त्यावर मी औषधांबरोबर येतात ती घडीची पत्रकं तपासतो. "झोप येऊ शकते. वाहन चालवू नये." दिवसभर असली वाक्यं. त्याला बस ओढायला कोण सांगतंय!

१२ जानेवारी

दोन दिवस इंटरनेटवर एकच प्रश्न विचारत बसलोय — पातळ लॅपटॉपच्या आतले भाग बदलून तो खेळांसाठी दमदार करता येतो का? शंभर माणसं, शंभर उत्तरं. एक म्हणतो, विसर, सगळं बोर्डावर चिकटवलेलं असतं. दुसरा म्हणतो, मी बदललं, मस्त चालतं. तिसरा म्हणतो, नवीन घे. चौथ्यानं विचारलं, "कुठला खेळ?" मी लिहिलं, बस चालवण्याचा. त्यानं हसरा चेहरा टाकला.

हसा लेको!

१४ जानेवारी

गिटारवाला गेला. वर आता चपलांचा आवाज नाही, तारा लावल्याचा नाही. आत्यानं टेबलाला घट्ट बसवलेलं स्टिअरिंग दुपारी फडक्यानं पुसलं. मग उगीच डावीकडे पूर्ण फिरवलं, उजवीकडे पूर्ण फिरवलं. समोर पडदाच नाही. ती तशीच, बघत.

१७ जानेवारी

मूर्ख आहे मी. मूर्ख. मूर्ख!

व्हिडिओ बघून स्वतःच उघडायला बसलो. सुट्टी होती, ऊन छान होतं, आत्या आडवी झाली होती. म्हटलं, खालचं झाकण काढून बघू तरी आत बदलण्यासारखं काय आहे. दहा स्क्रू. नऊ निघाले, दहाव्याचं डोकंच झिजलं. व्हिडिओतला माणूस म्हणाला, "आता हळूच उचला." मी हळूच उचललं. तरी टच् असा आवाज आला. आतून एक पातळ पट्टी येत होती, कागदासारखी, कीबोर्डाची की कशाची. ती अर्धी फाटली.

पुन्हा चालू केला तर पडदा लागतो, पण एक अक्षर उमटत नाही. आणि मंगळवारी सोळा पानी पत्रक द्यायचंय!

आत्या उठून आली. टेबलावर मांडलेले स्क्रू बघितले. मला वाटलं आता बरसणार. म्हणाली, "इंजिन उघडताना स्क्रू ज्या क्रमानं काढले तसे ठेवायचे असतात. हे काय चणे विखुरलेत?"

आणि गुडघ्यावर बसून, मान इकडून तिकडे कोंबडीसारखी वळवत, एकेक स्क्रू वेचून दिला तिनं.

१८ जानेवारी

मोठ्या बाईंना फोन करून खरं सांगितलं. त्या छापखान्याच्या मुख्य तपासनीस. म्हणाल्या, "मग इथे येऊन कागदावर वाचा. पूर्वी आपण तेच करत होतो की."

१९ जानेवारी

दुरुस्तीवाली सापडली. दोन दुकानांच्या मध्ये बोळाएवढं दुकान, हात पसरले तर दोन्ही भिंतींना लागतील. तिच्या कपाळाला भिंगाचा पट्टा. वर बघते तेव्हा डोळे बशीएवढे दिसतात.

तिनं लॅपटॉप उलटा केला, झिजलेला स्क्रू बघितला आणि विचारलं, "व्हिडिओ बघून?"

"हो."

"सगळे व्हिडिओ बघूनच येतात." आणि मग जरा मऊ आवाजात, "पट्टी मिळेल, दादा. घाबरू नका. पण उघडला कशाला होता?"

मी सांगितलं. खेळासाठी म्हटल्यावर तिनं मान हलवायला सुरुवात केली. आत्यासाठी म्हटल्यावर थांबवली. बस चालवायच्या? खरोखरच्या? सव्वीस वर्षं? खुर्ची पुढे सरकवली मला.

मग तिनं झाकण उघडून चिमट्याच्या टोकानं एकेक दाखवलं, जसं कुणी घर दाखवतं. हा प्रोसेसर, मेंदू म्हणा. चित्रं काढायचं कामही यातच, वेगळं ग्राफिक्स कार्ड यात नाहीच. आणि बसवायचं म्हटलं तर जागा नाही, वीज पुरणार नाही, उष्णता जायला वाट नाही. सगळं बोर्डावर डाग देऊन पक्कं केलेलं. "हे बदलता येतं म्हणून सांगणारा भेटला तर त्याला माझ्याकडे पाठवा, मलाही शिकायचंय."

"बाहेरून जोडायची पेटी मिळते म्हणे?"

"मिळते. पण तुमच्या लॅपटॉपला भोक त्या जातीचं नाही."

मी उठायलाच लागलो होतो.

"बसा हो! अजून झालं नाही माझं." तिनं एक छोटं पत्र्याचं झाकण टोचून उचललं. त्याखाली एक रिकामी खाच. "रॅम अर्धी बोर्डावर चिकटवलेली आहे, तिला हात लावता येत नाही. पण एक खाच रिकामी सोडलीय. कंपनीवाले सांगत नाहीत, लोक बघत नाहीत. यात जोडीची पट्टी घातली की दोन्ही मिळून काम करतात. ज्या लॅपटॉपला वेगळं ग्राफिक्स कार्ड नसतं त्याला याचाच सगळ्यात जास्त फायदा." मग पंख्यातला केरकचरा काढायचा, प्रोसेसरची उष्णता ओढून घेणारी पेस्ट वाळलीय ती खरवडून नवी लावायची, म्हणजे तापून बंद पडणार नाही. आणि खेळात सावल्या बंद, पाण्यातली प्रतिबिंबं बंद, चित्रातले बारकावे कमी.

"मग चालेल?"

"पळणार नाही. चालेल."

बाहेर आलो तर संध्याकाळचं ऊन रस्त्यावर लांब पडलं होतं आणि एक बस वळण घेत होती. मागचं चाक फुटपाथपासून वीतभर दूर. मी उभा राहून बघितलं. आयुष्यात पहिल्यांदाच.

२२ जानेवारी

लॅपटॉप दुकानात. मी छापखान्यात कागदावर वाचतो, तीनला घरी येतो. घर अगदी शांत असतं. आत्याच्या खुर्चीवरून उन्हाचा पट्टा हळूहळू भिंतीवर चढतो.

आज मी म्हटलं, "आत्या, तुझा जुना रूट सांग की."

"कुठला?"

"मी सुट्टीत यायचो तो."

तिनं डोळे मिटले. मला वाटलं, झोपली. मग सांगायला लागली. स्टँडवरून उजवीकडे. दवाखाना. गिरणीची भिंत — इथे दुसरा गिअर. चढ. चढावर एक घर, त्याच्या दारात नेहमी निळी बादली. पूल. पुलानंतर रस्ता असा सुटतो ना, की गाडीलाच बरं वाटतं. तिचा डावा पाय जमिनीवर क्लच दाबत होता, उजवा हात गिअर बदलत होता. मी खाली सतरंजीवर आडवा. जुन्या बसमध्ये ड्रायव्हरच्या शेजारी इंजिनाचं झाकण असायचं, गरम, त्यावर चादर टाकून ती मला झोपवायची. खालून घरघर, पोटात गुदगुल्या. डोळे उघडले की तिचं कोपर आणि काचेपलीकडे मागे सरकणारी झाडं. आज ती घरघर खरोखर ऐकू आली मला!

जाग आली तेव्हा ऊन छतावर गेलं होतं आणि ती म्हणत होती, "...उतरा, शेवटचा थांबा."

तीन तास लागायचे त्या रूटला. तिनं पूर्ण चालवला.

२५ जानेवारी

अठ्ठावीस! सेकंदाला अठ्ठावीस!!

दुरुस्तीवालीनं लॅपटॉप हातात दिला. म्हणाली, "आत्यांना सांगा, वेगात जायचं नाही." मी म्हटलं, "तिला हे सांगायची गरज नाही."

स्टिअरिंगची वायर जाड आणि याची भोकं बारीक, म्हणून एक जोडणीही दिली तिनं. सगळं लावलं. आत्यानं उशी खुर्चीवर ठेवली, त्यावर बसली, खुर्ची दोन बोटं पुढे घेतली, पुन्हा एक बोट मागे. केसांवरून हात फिरवला. मी बटण दाबलं.

बस निघाली. पहिलं वळण आलं — आणि वळलं! सगळं वळण दिसलं, सुरुवातीपासून शेवटपर्यंत, लोण्यासारखं.

सावल्या नाहीत. झाडं सपाट, कागदी. लांबचे डोंगर आधी नसतातच, जवळ गेलं की धुक्यातून हळूच उभे राहतात. मी म्हटलं, "जरा पुसट आहे ना?" ती म्हणाली, "पहाटेचं असंच असतं."

आणि मग तिनं जे सांगितलं ते माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. वरच्या मोठ्या पडद्यावर तिला कडा सापडत नव्हत्या. हा पडदा लहान. जेवढं तिला दिसतं, जवळजवळ तेवढाच! "सगळा रस्ता मावतो रे," म्हणाली. दोनदा म्हणाली.

चहा तिथेच टेबलावर गार झाला. तिचाही, माझाही.

२६ जानेवारी

सकाळी उठलो तर ती आधीच खुर्चीवर. आंघोळ करून, केस बांधून. "सात वाजताची गाडी आहे," म्हणाली.

३० जानेवारी

रोज दोन खेपा. सकाळी एक, दुपारी मी आलो की एक. ती थांब्यावर थांबते तेव्हा खरोखर थांबते — दार उघडतं, चित्रातली माणसं चढतात, आणि ती मान वळवून पाहते की सगळे बसले का. पिवळ्या दिव्याला कधीच निघत नाही. एकदा मागून एक गाडी हॉर्न वाजवत होती. आत्या शांतपणे म्हणाली, "वाजव बाबा. माझ्या गाडीत म्हातारी माणसं आहेत."

ती दुपारी झोपत नाही आता. काल स्वतःहून "केस कापून आणते" म्हणाली.

२ फेब्रुवारी

मला नोकरी लागली. कंडक्टरची!

झालं असं की पडद्याच्या खालच्या कोपऱ्यांत दोन छोटे आरसे आहेत, ते तिला मान वळवल्याशिवाय दिसत नाहीत. म्हणून मी शेजारी स्टुलावर बसतो. ती विचारते, "उजवीकडे?" मी बघून सांगतो, "गाडी येतेय, थांब... गेली." ती विचारते, "डावीकडे?" मी सांगतो, "रिकामं." आणि ती वळते. तिनं विचारायचं आणि मी सांगायचं. लय लागते त्याला. लांबच्या रस्त्यावर तर अर्धा-अर्धा तास दुसरं काही बोलणंच होत नाही. उजवीकडे? रिकामं. डावीकडे? रिकामं. खोलीत दुपारचा उजेड, लॅपटॉपचा पंखा मंद घुमतोय, समोर निळसर रस्ता, त्यातून एकेक डोंगर उगवतोय. मला कळेना आपण कुठे आहोत, किती वर्षांचे आहोत.

"मी लहान होतो तेव्हा तुला त्रास व्हायचा का गं माझा? गाडीत घेऊन फिरायला?"

"उजवीकडे?"

"रिकामं."

तिनं वळण पूर्ण घेतलं, स्टिअरिंग सरळ केलं. "तू असलास की मी गाणं म्हणायचे," म्हणाली. "नसलास की नाही."

५ फेब्रुवारी

मोठ्या बाईंचा फोन. आवाज बर्फासारखा. "पान दोन. 'गरोदर स्त्रियांनी हे औषध घेऊ' — आणि पुढच्या ओळीच्या सुरुवातीचं 'नये' कुठे आहे? जुळवताना उडालं, आणि तुम्ही तसंच पास केलंत!"

छापायच्या आधी सापडलं म्हणून वाचलो. वीस वर्षांत अशी चूक नाही झाली माझी.  बाई म्हणाल्या, "घरी काही चाललंय का?" म्हटलं, आत्या. म्हणाल्या, "काळजी घ्या. तिची आणि पत्रकाचीही."

दिवसभर खेळ डोक्यात असतो, दुसरं काय! आजपासून प्रत्येक पान दोनदा वाचायचं.

८ फेब्रुवारी

आज बसला पहिला ओरखडा.

बाजाराचं अरुंद वळण होतं. "डावीकडे?" "रिकामं." ती वळली आणि खाड्! दिव्याचा खांब. पडद्यावर लाल आकडा आला, गाडीचं नुकसान. आत्यानं ब्रेक दाबला. सव्वीस वर्षांत तिच्या बसला ओरखडा नव्हता, हे डेपोत सगळ्यांना माहीत होतं.

मी घाईघाईनं म्हटलं, "खेळच आहे गं. खांब जरा पुढेच आलेला होता."

 ती पडद्याकडे बघत राहिली. मग माझ्याकडे, मान पूर्ण वळवून. मग म्हणाली, "चल, पुढे."

९ फेब्रुवारी

आज दोन. दोन्ही डावीकडचे. एक खांब, एक पाटी. मी "रिकामं" म्हणतो तोवर ठीक असतं, वळताना तिला अंदाजच येत नाही.

 डॉक्टर म्हणाले होते, मधलं शाबूत आहे. ते मधलंही चाललं का?

१० फेब्रुवारी

पुन्हा दोन! आणि अगदी सोपी जागा — रुंद रस्ता, डावीकडे खांब. ती इतकी सावकाश गेली, इतकी सावकाश की मला वाटलं आता थांबणारच. खाड्.

मी म्हटलं, "आत्या, आज पुरे करू या का?"

"हो," म्हणाली. लगेच. हट्ट नाही, काही नाही. खेळ बंद केला, उशी उचलून मांडीवर घेतली. मला तिच्याकडे बघवेना. स्वयंपाकघरात जाऊन उगीच भांडी विसळत उभा राहिलो. नळ चालू ठेवून जरा रडलो. तिच्या हातातलं शेवटचं तेही चाललंय, आणि मी शेजारी बसून "रिकामं, रिकामं" करतोय.

बाहेर आलो तर ती फोनवर हळू आवाजात बोलत होती. मला बघून ठेवला.

११ फेब्रुवारी

सात वाजताची गाडी निघाली नाही. स्टिअरिंगवर फडकं टाकलंय.

"चालवत का नाहीस?" म्हटलं तर म्हणाली, "गाडी डेपोत आहे."

दुरुस्तीवालीच्या दुकानी गेलो. विचारलं, चित्र आणखी स्वच्छ करता येईल का? काहीतरी? ती म्हणाली, "दादा, त्याच्यात आता बदलण्यासारखं काही उरलं नाही. का, काय झालं?" मी सांगितलं. तिनं भिंग कपाळावर सरकवलं. माझ्यासाठी चहा मागवला.

१३ फेब्रुवारी

उद्या सकाळी दहाला डोळ्यांचे डॉक्टर. आत्या म्हणाली, "बरोबर चल." आजवर नेहमी एकटी जायची, हट्टानं, दोन बस बदलून. म्हणजे तिलाही कळलंय.

तिला धीर द्यायला काय बोलायचं ते आज दिवसभर मनात घोकतोय. एकही वाक्य धड जमत नाही. "जेवढं आहे तेवढं" — नको. "मी आहे ना" — हेच म्हणेन.

१४ फेब्रुवारी

दवाखान्याच्या खिडकीवरच्या बाईंनी नाव पुकारलं. माझं.

मला वाटलं चूक झाली. आत्या म्हणाली, "जा आत. मीच वेळ घेतलीय."

अंधाऱ्या खोलीत, यंत्राच्या टेकूवर हनुवटी. उजेडाचा ठिपका दिसला की बटण दाबायचं. मी सगळे दाबले, असं मला वाटलं. डॉक्टरांनी कागद पुढे ठेवला. दोन्ही डोळ्यांत, डाव्या बाजूला खाली, काळपट डाग. काचबिंदू. रक्ताच्या नात्यात असतो म्हणाले. गेलंय ते परत येणार नाही, पण आजपासून थेंब घातले तर बाकीचं बहुतेक राखता येईल. "अगदी सुरुवातीला आलात. स्वतःहून इतक्या लवकर कुणी येत नाही. तुम्हाला कळलं कसं?"

मला कुठे कळलं होतं!

बाहेर बाकावर आत्या बसली होती. काल घोकलेलं वाक्य कुठल्या कुठे गेलं. एवढंच विचारलं, "तुला कधी कळलं?"

"पहिला खांब चुकून लागला," ती म्हणाली. "मला दिसला नाही, आणि तूही बोलला नाहीस. पुढचे चार मी मान वळवून, नीट बघून, मुद्दाम घेतले."